‘इतर’मध्ये ठेवलेली गाडी

"काका, तुमच्या स्वतःच्या घरच्या कॉम्प्युटरमध्ये कुठली डिस्क आहे? आम्हाला दिलीत तीच, की चांगली?"

तोंड माझं होतं, प्रश्न दांडीचा. शाळा सुटल्यावर कॉम्प्युटरच्या दुकानासमोरून जाताना ती म्हणाली होती, "तुला हल्ली कुणाची भीती वाटत नाही ना? मग आत जा आणि हे विचारून दाखव. विचारलंस तर वर्ष संपेपर्यंत माझी खिडकीजवळची जागा तुझी." दांडी म्हणजे माझी मैत्रीण. शाळेला दांडी मारण्यात तिचा हात कुणी धरू शकत नाही, म्हणून हे नाव. आणि वर्गातली ती खिडकीजवळची जागा तिने आजवर सख्ख्या बहिणीलाही बसायला दिलेली नाही. दुसरी मैत्रीण चिमणी. ती इतकी हळू बोलते की बाई तिच्या बाकापाशी येऊन वाकून ऐकतात. चिमणी माझी बाही ओढत म्हणाली, "नको ना, काका चिडतील." मग तर मी गेलेच.

काउंटरवर एक कॉम्प्युटर पोट उघडून आडवा पडला होता आणि दुकानदार काकांच्या तोंडात स्क्रू होते. त्यांनी ते एकेक करून काढले, बशीत ठेवले आणि शांतपणे म्हणाले, "आमच्या घरी कॉम्प्युटरच नाही. बायको म्हणते, दिवसभर त्यांची तोंडं बघता, घरी तरी माझं बघा."

काचेच्या दाराबाहेर दांडी पोट धरून हसत होती. मलाही हसू येत होतं, पण मी दाबलं. मी चिडायला आले होते आणि चिडायला माझ्याकडे भरपूर कारणं होती.

ती कारणं सांगते.

आमच्या शाळेचा एक संघ आहे, गाड्यांच्या शर्यतीच्या गेमचा. इतर शाळांशी सामने होतात. जो तो आपापल्या घरून खेळतो, कारण शाळेतले कॉम्प्युटर चालू होईपर्यंत तास संपतो. मी नववीत गेल्यावर संघात आले. निवड चाचणी एका छोट्या गोल ट्रॅकवर होती आणि तिथे मी भल्याभल्यांना धूळ चारली. पण खरे सामने एका अख्ख्या बनावट शहरात होतात. त्यात बंदर आहे, बोगदा आहे आणि एक लांबलचक पूल आहे. पूल संपला की जुनं शहर लागतं, अरुंद गल्ल्यांचं. तिथे पोचले की माझा पडदा गोठायचा. फार नाही, डोळ्याची पापणी लवावी एवढाच. मग सुटायचा, पुन्हा गोठायचा. बोलता बोलता एखाद्याला शब्द सापडू नये, तशी माझी गाडी अडखळायची. आणि चित्र परत येईपर्यंत मी पुलाच्या कठड्यात घुसलेली असायचे. मागून येणारे भर्रकन पुढे. हेडफोनमध्ये कुणीतरी म्हणायचं, "थांबा आला रे." म्हणजे बसचा थांबा. पुढे पुढे ते माझं नावच झालं.

यावर प्रत्येकाने आपापलं निदान केलं. बाबा म्हणाले, इंटरनेट. आई म्हणाली, जेवताना लक्ष नसतं, खेळताना कुठून असणार. मावशी म्हणाली, डोळे तपासून घे. आणि आमचे सर सगळ्यांसमोर म्हणाले, "ऐन वेळी गोठतेस तू. टेन्शन घेऊ नकोस. मुलींचं होतं असं. पूल आला की दीर्घ श्वास घ्यायचा."

हे सर आम्हाला कॉम्प्युटर शिकवतात. चित्रकला शिकवत नाहीत, गायन शिकवत नाहीत, कॉम्प्युटर शिकवतात. आणि मुलगी रोज एकाच ठिकाणी अडकते म्हटल्यावर त्यांना कॉम्प्युटरबद्दल एक, फक्त एक, प्रश्न पडला नाही. पडला तो माझ्या मनाबद्दल.

तरी मी श्वास घेतले. पुलावर असे काही घेतले की दांडी, तीही संघातच आहे, हेडफोनमध्ये म्हणाली, "तुझ्याकडे कुकर लावलाय का?" आणि तरी मी कठड्यातच.

चिमणीचंही हेच झालं होतं. ती माझ्या आधी संघात होती, पूल आला की ती पण अडकायची, तिला पण श्वास घ्यायला सांगितले होते. चार सामन्यांनंतर सरांनी तिला काढलं. ती भांडली नाही. आता कुणी विचारलं तर एवढंच म्हणते, "माझ्या हातातच नाही ते." सामने मात्र न चुकता बघते.

मागच्या रविवारी सरांनी मला शेवटचं बजावलं. "पुढच्या फेरीत पुन्हा पुलावर थांबलीस तर तुझ्या जागी वकील." वकील म्हणजे दहावीतला एक मुलगा, सगळ्यात वाद घालतो. गाडी बरी चालवतो, पण वळणावर ब्रेक दाबायचा असतो हे त्याला अजून कुणी पटवून देऊ शकलेलं नाही. आणि माझ्या जागी तो.

पण त्याच रविवारी आणखी एक गोष्ट झाली. मी पुलावर अडकले तेव्हा माझा माईक उघडा होता आणि दांडी म्हणाली, "ए, तुझ्याकडे कोण खडे चघळतंय?"

मी हेडफोन काढला. टेबलाखालून आवाज येत होता. कर्र, कर्र, कर्र. पडदा सुटला, आवाज थांबला. पुढच्या चौकात पुन्हा पडदा गोठला आणि पुन्हा कर्र कर्र. इतके दिवस कानावर हेडफोन चढवून बसल्यामुळे मला तो ऐकूच आला नव्हता. शर्यत मी हरलेच, पण त्यानंतर एकटीच पुलावरून जात-येत राहिले. दर वेळी आधी आवाज, मग मी कठड्यात. माझ्या हातांचा असा आवाज येत नाही.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी हे सांगितलं तर चिमणी तिच्या त्या बारीक आवाजात म्हणाली, "आमच्या कॉम्प्युटरमधून पण येतो. आत्याला वाटतं उंदीर आहे. तिने टेबलामागे पिंजरा लावलाय."

"सापडला का?" दांडीने विचारलं.

"नाही ना. हुशार आहे, म्हणते."

आम्ही सुट्टी संपेपर्यंत हसत होतो. दांडीने मग तिच्या मामेबहिणीला विचारून माहिती काढली की डिस्क दोन प्रकारच्या असतात. एकीत चकती गरगर फिरते आणि आवाज करते, दुसरीत फिरणारं काही नसतंच, ती गप्प असते आणि कितीतरी जलद. म्हणून आम्ही ठरवून टाकलं की आमचा कॉम्प्युटर जोडून देणाऱ्या दुकानदार काकांनी आम्हाला फिरणारी बसवून दिली आणि चांगली स्वतःच्या घरी नेली. म्हणून तो प्रश्न. म्हणून मी तिथे, काउंटरसमोर, दप्तर पाठीवर.

"हसून झालं असेल तर ऐक," काका म्हणाले. आता त्यांचा आवाज थोडा चढला होता. "तुझ्या बाबांच्या मशीनमध्ये दोन डिस्क आहेत. एक तुमच्या जुन्या कॉम्प्युटरमधली काढून बसवली, ती फिरणारी. दुसरी कोरी, वेगवान. बाबा म्हणाले चांगली घाला, मी घातली. मला चोर ठरवण्याआधी घरी जाऊन बघ, तुझा गेम कुठल्या डिस्कवर ठेवलाय."

चोरीचा मुद्दा गेला, पण माझ्याकडे दुसरा होता.

"मग बाबांनी फोन केला तेव्हा ग्राफिक्स कार्ड बदला असं का म्हणालात?"

"ते म्हणाले, चित्र अडकतं. चित्र म्हटलं की कार्ड."

"कुठे अडकतं, अडकताना आवाज येतो का, हे नाही विचारलंत?"

"तुझे बाबा गेम खेळतात का? त्यांना काय विचारणार?"

"मला विचारायचं."

"तू कुठे होतीस फोनवर?"

मी शेजारच्या खोलीत होते. दार उघडं होतं. माझ्याबद्दल सगळे सगळ्यांशी बोलले होते, एक माझ्याशी सोडून.

काकांना बहुतेक माझं तोंड बघून वाईट वाटलं. त्यांनी खणातून एक उघडलेली जुनी डिस्क काढली. आत आरशासारखी लखलखीत चकती आणि तिच्यावर एक बारीक दांडा. "मी यात बघून भांग पाडतो," ते म्हणाले. मी बोटाने तो दांडा हलवला. चकतीच्या एका टोकाकडून दुसऱ्याकडे. बिचारा एका वेळी एकाच जागी जाऊ शकत होता. आणि मला पूल दिसला.

गेममधलं शहर एका दमात कॉम्प्युटरच्या मेमरीत मावत नाही. तुम्ही जसे पुढे जाल तसा पुढचा तुकडा डिस्कवरून मागवला जातो. पुलावर नुसतं पाणी आणि आकाश, मागवायला काही नाही. पूल संपला की एकदम अख्खं जुनं शहर लागतं, खिडक्या, पाट्या, झाडं, माणसं, सगळं एकाच वेळी. त्यातलं एक या कोपऱ्यात, एक त्या कोपऱ्यात. तो दांडा धावतोय बिचारा, कर्र कर्र. आणि तो येईपर्यंत गेम थांबतो. गेम थांबला की मी थांबते. आणि मी थांबले की सर म्हणतात, मुलींचं होतं असं.

"काका, सॉरी," मी म्हटलं. "पण पुढच्या वेळी जो खेळतो त्याला विचारा."

"बरं, बाईसाहेब," काका म्हणाले आणि स्क्रू पुन्हा तोंडात धरले.

घरी बाबा जेवणाच्या टेबलावर काम करत बसले होते. ते विमा कंपनीसाठी अपघात झालेल्या गाड्या तपासतात. कुठे चेपली, किती चेपली, कुणामुळे चेपली. मी दप्तर न उतरवताच आमच्या कॉम्प्युटरसमोर बसले. दोन डिस्क होत्या, काका खोटं बोलले नव्हते. आणि दोघींना बाबांनी नावं दिली होती. एकीचं नाव ‘महत्त्वाचे’, दुसरीचं ‘इतर’.

"बाबा, ‘इतर’ म्हणजे काय?"

"इतर म्हणजे इतर. तुझा गेम, गाणी, मावशीच्या सहलीचे व्हिडिओ."

"आणि ‘महत्त्वाचे’?"

"माझं काम."

मी ‘महत्त्वाचे’ उघडलं. कॉम्प्युटरच्या स्वतःच्या फाइली सोडल्या तर ती डिस्क काठोकाठ चेपलेल्या गाड्यांनी भरलेली होती. चेपलेलं दार, जवळून. तेच दार, लांबून. तेच दार, बाबांची सावली पडलेलं. बंपर, बंपर, बंपर, मडगार्ड, एक फुटलेला दिवा, त्यात चुकून आलेलं बाबांचं बोट. वर्षानुवर्षांचे अपघात. ज्या गाड्या आता भंगारात गेल्या, कुठल्याच रस्त्यावर कधीच धावणार नाहीत, त्या वेगवान डिस्कवर पाय पसरून झोपल्या होत्या. आणि माझी गाडी, जिला खरोखर धावायचं होतं, ती ‘इतर’मध्ये खडे चघळत होती.

मी खुर्ची फिरवली. "बाबा, जागा बदला. तुमचे फोटो तिकडे, माझा गेम इकडे."

"चांगलं कपाट कशासाठी असतं? महत्त्वाच्या वस्तूंसाठी," बाबा म्हणाले. "उद्या कोर्टाने फोटो मागितला तर?"

"ही डिस्क जास्त सुरक्षित आहे असं कुणी सांगितलं?"

"महाग आहे म्हणजे मजबूतच असणार."

"ती मजबूत आहे म्हणून महाग नाहीये, वेगवान आहे म्हणून आहे. आणि खरंच जपायचे असतील तर एक प्रत दुसरीकडे ठेवा, घराबाहेर. आहे का एक तरी प्रत?"

बाबांनी यावर पेनाचं टोपण लावलं आणि काढलं.

मग मी त्यांना स्टुलावर बसवलं आणि गेम लावला. बाजूला ती छोटी खिडकी उघडी ठेवली, ज्यात कॉम्प्युटरचा कुठला भाग किती राबतोय ते दिसतं. बंदर गेलं, बोगदा गेला. पूल आला. मी एकही श्वास जास्तीचा घेतला नाही. पूल संपला, कर्र कर्र, पडदा गोठला.

"बघा बाबा. प्रोसेसर निवांत. कार्ड निवांत. आणि ‘इतर’ डिस्क शंभर टक्के."

बाबांनी चष्मा सारखा करून ती खिडकी नीट वाचली. "म्हणजे डिस्क मन लावून काम करतेय. चांगलंच आहे की."

खरं सांगते, सरांचा तो दीर्घ श्वास आयुष्यात पहिल्यांदा मला तेव्हा उपयोगी पडला.

तेवढ्यात आई आली. आई औषधाच्या दुकानात असते, दिवसभर उभी. आल्या आल्या ती आधी चपला काढते, मग पाय खुर्चीवर ठेवते, मग माणसांकडे बघते. "काय झालं? तुमचा आवाज खाली फाटकापर्यंत येतोय."

"माझा," मी म्हटलं. "बाबांचा नाही. आई, तुझ्या दुकानात तापाची गोळी कुठे असते?"

"हे काय मध्येच? हाताशी. पाठीमागच्या पहिल्या खणात."

"आणि कुणीतरी क्वचित कधीतरी मागतं ते महागातलं मलम?"

"आतल्या खोलीत, वरच्या फळीवर. शिडी लावावी लागते."

"पण ते तर महाग आहे. महत्त्वाचं आहे. हाताशी का नाही?"

आई माझ्याकडे अशी बघत होती की जणू मलाच ताप आलाय. "अगं, रांग तापाच्या गोळीसाठी लागते. मी दर गिऱ्हाइकाला शिडी चढायला लागले तर रांग रस्त्यावर जाईल आणि लोक म्हणतील, या बाई किती मंद आहेत."

"लोक तुला म्हणतील," मी म्हटलं. "शिडीला कुणी म्हणणार नाही."

आईने पडद्याकडे बघितलं, कठड्यात घुसलेल्या माझ्या गाडीकडे, मग त्या दोन नावांकडे. ‘महत्त्वाचे’. ‘इतर’. मग बाबांकडे. "तू मलम हाताशी ठेवलंस आणि तापाची गोळी शिडीवर?"

"मला काय माहीत त्यात शिडी आहे," बाबा म्हणाले. "पण काम ते काम. खेळासाठी मी माझं काम हलवू?"

मी एका चेपलेल्या दाराची प्रत ‘इतर’मध्ये टाकली. आधी इकडचं दार उघडून दाखवलं, मग तिकडचं. "कुठलं जलद उघडलं?"

बाबांनी पुन्हा पुन्हा उघडायला लावलं. डोळे बारीक करून, मान तिरकी करून, अपघातातली गाडी बघतात तसं. शेवटी म्हणाले, "काही फरक नाही."

"एक फोटो आणायला तो दांडा एकदाच धावतो, म्हणून. माझ्यासाठी त्याला अख्खं शहर आणायला लागतं."

तरी ते तयार होईनात. आणि मग माझ्या पोटात इतके दिवस साठलेलं बाहेर आलं.

"बाबा, तुम्ही अपघाताची गाडी तपासायला जाता तेव्हा काय करता? आधी गाडी बघता ना? ब्रेक बघता, चाकं बघता. की गेल्या गेल्या ड्रायव्हरला म्हणता, टेन्शन घेतलंस तू, दीर्घ श्वास घे? मला सगळ्यांनी तेच म्हटलं. सरांनी म्हटलं, मावशीने डोळ्यांवर ढकललं, तुम्ही काकांना फोन केलात तेव्हा मी शेजारच्या खोलीत होते. एकानेही गाडी उघडून बघितली नाही. रविवारी पुन्हा अडकले तर मला काढणार आहेत, आणि म्हणणार आहेत की ती घाबरते. मी घाबरत नाही, बाबा. मी शिडीवर आहे."

बाबांनी पेन खिशाला लावलं.

"माझ्या अहवालात असं लिहून आलं असतं तर मी तो फाडला असता," ते म्हणाले. "हलव फोटो. पण एकही बंपर हरवता कामा नये."

शनिवारभर फोटो हलत होते. बाबा दवाखान्याच्या बाकावर बसावं तसे शेजारी बसून होते आणि अधूनमधून विचारत होते, "आता कसं आहे?" मग माझा गेम ‘महत्त्वाचे’मध्ये गेला. मी त्या नावाकडे बराच वेळ बघत बसले.

रविवारी दुपारी शर्यत. पूल आला. मला माहीत होतं काय होणार, तरी बोटं आखडली, इतक्या वेळा आपटलं की बोटांनाही सवय लागते. पूल संपला. आणि काही झालं नाही. जुनं शहर नुसतं उघडलं, कुणी पडदा बाजूला सारावा तसं. टेबलाखाली शांतता. पुलापलीकडे डाव्या हाताला एक फुलांचं दुकान होतं, पट्ट्यापट्ट्यांचं छत असलेलं, आणि पायरीवर एक मांजर बसलेली. इतके महिने मी इथून जात होते आणि ते दुकान मला माहीतच नव्हतं.

मी त्या मांजरीकडे बघत राहिले आणि सरळ कारंज्यावर जाऊन आदळले.

पण ही चूक माझी होती. सबंध माझी, कुठल्या चकतीशी न वाटून घेतलेली. मी गाडी मागे घेतली, एका गल्लीत दोघांना मागे टाकलं, बंदरावर आणखी एकाला. तिसरी आले. संघ पुढच्या फेरीत गेला. हेडफोनमध्ये वकील म्हणाला, "थांबा सुटला रे," आणि त्याच्याकडून ही शाबासकीच.

मग सरांचा आवाज आला. "बघितलंस? मन शांत ठेवलं की मुलीही करू शकतात. श्वासाचा उपयोग झाला ना?"

"सर, मी गेम दुसऱ्या डिस्कवर टाकला."

"हो, हो, ते ठीक आहे. पण खरी गोष्ट म्हणजे मनावर ताबा."

"सर, मन तेच आहे. डिस्क बदलली."

कुणीतरी हसलं. सर म्हणाले, "बरं, पुढच्या फेरीत तुझी जागा पक्की," आणि गेले. माझा पराक्रम सरांनी श्वासाच्या खात्यात घातला, माझी चूक घातली होती तशीच.

सगळे एकेक करून निघून गेले. चिमणी तेवढी राहिली. ती नेहमीसारखी माझ्या गाडीतून सामना बघत होती, तिच्या आईच्या फोनवरून, कारण तिच्या कॉम्प्युटरवर तिने गेम पुन्हा उघडलेलाच नाही. तिचा आवाज इतका बारीक आला की मला हेडफोन कानावर दाबावा लागला.

"पुलापलीकडे फुलांचं दुकान आहे?"

"हो. तू बघितलं नव्हतंस?"

"नाही. मी तिथे पोचायचे तेव्हा कठड्यात असायचे." थोडं थांबून ती म्हणाली, "मांजर छान होती."

मी हेडफोन काढून ठेवला. तिच्या घरातला तो पिंजरा डोळ्यांसमोर आला, टेबलामागे लावलेला, न सापडणाऱ्या हुशार उंदरासाठी. आत्याला निदान कळलं तरी होतं की आवाज येतोय. सरांना तेवढंही कळलं नाही, आणि चिमणी अजून विचारेल त्याला सांगतेय की तिच्या हातातच नाही.

बाहेरच्या खोलीत आई पाय खुर्चीवर ठेवून बसली होती आणि बाबा तिला माझं कारंज्यावरचं आदळणं समजावून सांगत होते, अगदी कोन-बिन काढून. मला बघून म्हणाले, "डावं मडगार्ड गेलं असतं तुझं. पण आलीस की नाही संघात पक्की?"

"आले होते," मी म्हटलं. "आता मी ठरवलंय ते ऐका. उद्या मी सरांना सांगणार आहे, सगळ्यांसमोर, की चिमणीची चाचणी परत घ्या. गोल ट्रॅकवर नाही, पुलावर. आणि ती होईपर्यंत माझी जागा मी सोडली."

आईने पाय खाली घेतले. "मिळवलेली जागा?"

"तिची पण मिळवलेलीच होती, आई."

"आणि सर नाही म्हणाले तर?" बाबांनी विचारलं.

"तर वकील चालवेल, आणि ब्रेक कुठे असतो ते सर त्याला समजावतील. पण मी चिमणीशिवाय चालवणार नाही. तिच्याकडे फिरणारी डिस्क आहे, त्यामुळे चाचणी आपल्याकडे, ‘महत्त्वाचे’मधून. मंगळवारी शाळा सुटल्यावर कॉम्प्युटर तिचा आहे, बाबा. त्या दिवशी तुमचे बंपर थांबतील."